वरच्या बाईंची रोश्टी

इथे ऋतू दोनच, एसीचा आणि बिनएसीचा. ऑक्टोबरात एक संध्याकाळ अशी येते की कुणीतरी एसी बंद करतं आणि दुसरं कुणी ओरडत नाही. पाच-सहा महिने घरघरणारा आवाज थांबला की आधी कानात दडे बसल्यासारखं वाटतं, मग हळूहळू बाहेरचं ऐकू यायला लागतं. शेजारच्या व्हिलातली मुलं, विमानतळाकडे उतरणारं विमान, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. खिडक्यांच्या खाचांत उन्हाळाभराची रेती साचलेली असते, ती ओल्या फडक्यानं पुसायची आणि काच सरकवायची. लोक अंगणात खुर्च्या टाकून बसतात, एकमेकांना फोन करून ‘काय मस्त हवा पडलीय’ म्हणून सांगतात.

मला तो दिवस नकोसा वाटतो. हवेनं माझं काही वाकडं केलेलं नाही. पण खिडकी उघडली की मला तुपात परतलेल्या बटाट्याचा वास येतो, गॅसवर काही नसलं तरी येतो, आणि मग मी उगाचच कपाटं आवरायला घेते.

यंदा वास खरा निघाला. ऋचा, माझी मुलगी, पंधरा वर्षांची आहे आणि स्वयंपाकघरात फक्त ‘भूक लागली’ हे सांगायला येते. परवा गुरुवारी संध्याकाळी तिनं आपण होऊन सहा बटाटे सालासकट उकडले, किंचित कच्चेच ठेवले, निवल्यावर ताटलीत घालून फ्रीजमध्ये सरकवले आणि मला बजावलं, "डोन्ट टच देम, ममा. दे आर फॉर टुमॉरो. आय ॲम मेकिंग रोश्टी."

"काय करणारेस?"

"रोश्टी. द थिंग आजी यूज्ड टु मेक विथ दॅट आंटी."

आमच्या घरात हा शब्द सहा वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. मी फ्रीजचं दार लावलं आणि कपाट आवरायला गेले.

आता आम्ही अबुधाबीला, खलिफा सिटीत राहतो. सहा वर्षांपूर्वी शारजात होतो, अल मजाजला, खालिद लगूनसमोरच्या एका टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर. सुधीर, माझा नवरा, हमरिया फ्री झोनमधल्या एका स्विस कारखान्यात प्रॉडक्शन बघायचा. त्याचे साहेब, उर्स नावाचे उंच गृहस्थ, आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर होते. साहेब डोक्यावर बसलाय असं लोक नुसतं म्हणतात, आमचा खरोखरच बसला होता. मी एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवत होते. फोडणी घालायची झाली की मी आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचे, हिंगालसणाचा वास वर जाऊ नये म्हणून. लिफ्टमध्ये शिरण्याआधी स्वतःच्या ओढणीचा वास घेऊन बघायचे. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. व्हेरेनानं, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, तर नाहीच नाही. ती साठीच्या आसपासची, आखूड पांढऱ्या केसांची, ढांगा टाकत चालणारी बाई होती आणि दिसली की मनापासून हसायची. तिनं मला कॉफीला वर बोलवावं असं मला फार वाटायचं. दोन वर्षांत दिवाळीचा फराळ पाठवून झाला, नाताळचा केक आला, ‘वुई मस्ट मीट समटाइम’ दहा वेळा म्हणून झालं, पण नवव्या मजल्याच्या उंबरठ्याआत माझं पाऊल काही पडलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि कोरेगावच्या घरी आई दिवसचे दिवस तोंड उघडत नाहीत असं धाकट्या दिरांनी फोनवर सांगितलं होतं. जरा माणसांत येतील म्हणून सुधीरनं त्यांना बोलावून घेतलं. कुठल्या माणसांत, हा विचार आम्ही दोघांनीही केला नाही. सुधीर साडेसहाला बाहेर पडायचा, मी आणि ऋचा सातला. दोन वाजता आम्ही परत यायचो तेव्हा त्या सकाळी सोडल्या तिथेच, बाल्कनीच्या काचेशी, लगूनच्या पाण्याकडे बघत बसलेल्या असायच्या. काही विचारलं तर हो, नको, बरं. या तीन शब्दांवर त्यांचे तीन आठवडे गेले.

नवरात्र बसलं तेव्हा त्यांच्यात थोडी हालचाल दिसली. हॉलच्या कोपऱ्यात त्यांनी अखंड दिवा लावला. दिव्याला झोत लागू नये म्हणून एसी बंद झाला, आणि हवाही नेमकी तेव्हाच पालटली होती, म्हणून खिडक्या उघडल्या. नऊ दिवसांचा उपास. साबुदाणा त्यांना सोसायचा नाही आणि वऱ्याचे तांदूळ आणायला मी विसरले होते, त्यामुळे सगळी भिस्त बटाट्यावर. पहिलाच दिवस शुक्रवार, सुटीचा होता, आम्ही सगळे घरी. सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या, एक गुडघा उभा, पुढ्यात परात, परातीत किसणी टेकवून बटाटे किसायला लागल्या. कीस दोन पाण्यांतून काढला, पिळला. कढईत तूप, जिरं, मिरचीचे तुकडे, मग कीस, मग झाकण, मग उलथनं, पुन्हा झाकण, पुन्हा उलथनं. बटाट्याचा कीस सारखा हलवत राहावा लागतो, नाहीतर खाली लागतो. मी सवयीनं खिडकी लावायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, वारा येतोय."

पाच शब्द. मी खिडकी उघडीच ठेवली.

अर्ध्या तासानं बेल वाजली. दारात व्हेरेना, आणि मी गाऊनमध्ये, केसांना तेल चोपडलेलं.

"सो सॉरी," ती म्हणाली, "इज समबडी मेकिंग रोश्टी?"

मी काही बोलायच्या आत ती वासामागे सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कढईत डोकावली. सासूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, एका वाटीत कीस घातला, वर चमचा ठेवला आणि वाटी पुढे केली. व्हेरेनानं एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. मग ती इंग्रजीत बरंच काही बोलली. सासूबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. शेवटी व्हेरेनानं छताकडे बोट दाखवलं, मग त्यांच्याकडे, मग स्वतःकडे. सासूबाई उठल्या, हात पुसले, किसणी काखोटीला मारली आणि अनवाणी तिच्यामागून गेल्या. दोन वर्षं मी ज्या दारापर्यंत पोचू शकले नव्हते तिथे त्या पाच मिनिटांत पोचल्या, तेही चपला न घालता.

मग हे रोजचंच झालं. तीन वाजले की सासूबाई वर निघायच्या आणि ऋचा त्यांची दुभाषी म्हणून सोबत. नऊ वर्षांची पोर, आजीशी मराठी, आंटीशी इंग्रजी. संध्याकाळी मला बातमीपत्र मिळायचं. "आजी सेज बटाटा रॉ असला पाहिजे. आंटी सेज नो नो, बॉइल्ड. अँड नॉट टुडेज. यस्टरडेज!"

इथे सगळं अडलं. रोश्टी कालच्या उकडलेल्या बटाट्याचीच करायची असते. आज उकडून आज किसला तर त्याचा लगदा होतो. रात्रभर गारठून घट्ट झाला की मग त्याच्या सळ्या सुटतात. व्हेरेनाच्या गावाकडे रोज उद्याचे बटाटे आज उकडून ठेवायचे. आणि आमच्या सासूबाईंना उपासाला शिळं कसं चालावं? त्या दिवशी त्या तिथे नुसत्या बसून आल्या, खाल्लं नाही. रात्री जेवताना, म्हणजे आम्ही जेवताना, त्या एकदम म्हणाल्या, "दही तरी काय, कालच्याच दुधाचं ना? ते चालतं उपासाला. मग बटाट्यानं काय घोडं मारलंय?" सुधीरनं वर पाहिलं, मी वर पाहिलं. एवढं लांबलचक वाक्य त्या घरात आल्यापासून बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी रोश्टी खाल्ली.

कृती अगदी साधी आहे. गार बटाटा सोलायचा, जाड किसायचा, मीठ. जड बुडाच्या तव्यात लोणी, तेही साधं नाही, कढवलेलं. व्हेरेनाच्या डब्याचं झाकण उघडून सासूबाईंनी वास घेतला होता आणि म्हणाल्या होत्या, "अगं, हे तूपच आहे की!" तुपात कीस पसरायचा, कडेनं आत सारून जाड भाकरीसारखा थापायचा, गॅस बारीक करायचा आणि मग पाव तास काहीही करायचं नाही. हेच सासूबाईंना जमत नव्हतं. उलथनं घेऊन त्यांचा हात पुढे व्हायचा आणि व्हेरेना त्यांचं मनगट धरायची. "नो स्टर, आजी. वेट." खालून सोनेरी झाली की वर ताटली उपडी घालायची, एका झटक्यात तवा उलटायचा, परत तूप सोडून दुसरी बाजू. व्हेरेनाच्या माहेरी, शेतावरच्या घरात, अख्खं घर एका तव्याभोवती चमचे घेऊन बसायचं आणि दूधकॉफीबरोबर रोश्टी खायचं. हे ऋचानं सांगितल्यावर सासूबाईंनी थोडा विचार केला आणि उलथन्यानं तव्यातल्या रोश्टीवर मधोमध रेघ मारली. इकडची तुमची, तिकडची माझी. उष्टंही नाही आणि एकटंही नाही.

एकदा मी ऋचाला न्यायला वर गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता. तो सासूबाईंचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. मी ऐकला नव्हता ना कधी, निदान दीड वर्षात. त्या रात्री ऋचानं सांगितलं की आजी आंटीला आजोबांबद्दल सांगत होती. आजोबांना किसाची खाली लागलेली खरपूस खरवड आवडायची आणि आजीनं जन्मभर कीस हलवून हलवून ती कधी धरूच दिली नाही. "अँड देन आजी सेड, ही तर सगळी खरवडच आहे, त्यांना आवडली असती. अँड देन दे बोथ क्राइड अ लिट्ल, अँड देन दे लाफ्ड."

मला आनंद व्हायला हवा होता. आम्ही त्यांना आणलं ते ह्याचसाठी. पण खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. सासऱ्यांबद्दल एक अक्षर त्या माझ्याजवळ बोलल्या नव्हत्या. आणि व्हेरेना रडली हसली ती नऊवारीतल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या म्हाताऱ्या बाईबरोबर, आणि मी, एम.ए. बी.एड., पोलाइट रिक्वेस्टची वाक्यं मुलांकडून घोकून घेणारी, दारात उभी होते. हे इतकं क्षुद्र आहे की लिहितानाही हात आखडतो. पण हेच होतं.

आठव्या दिवशी पुन्हा शुक्रवार आला. व्हेरेनानं सकाळी तिच्या तीन मैत्रिणींना बोलावलं होतं आणि त्यात मलाही बोलावलं. आजी आज कीस करून दाखवणार होत्या. मी इस्त्रीचा सलवार-कमीज घातला, चॉकलेटचा डबा घेतला, आणि मुद्दाम दहा मिनिटं उशिरा गेले. त्या पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात मधोमध फरशीवर सासूबाई बसल्या होत्या. एक गुडघा उभा, कासोटा वर सरकून पोटरी उघडी, परात, किसणी. भोवती हातात कप घेतलेल्या बायका. एक फोटो काढत होती. सगळ्या हसत होत्या, सासूबाईही.

त्यातली एक माझ्याकडे वळून म्हणाली, "डू यू ऑल सिट लाइक धिस?"

"ओह नो," मी म्हणाले. "ओन्ली इन द व्हिलेजेस."

मी स्वतः आजही भाजी निवडायला तशीच बसते.

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांच्यातली एक सासूबाईंसारखं बसायला गेली आणि कलंडली, म्हणून सगळ्या हसत होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त हसणं ऐकू आलं आणि ती पोटरी दिसली. संध्याकाळी सुधीर घरी आला तो खूश होऊन. "उर्स पार्किंगमध्ये भेटला. म्हणतो, युअर मदर इज द स्टार ऑफ द बिल्डिंग! खलास, आईनं मैदान मारलं." मी म्हणाले, "तुला कळत नाही का, ते कसं म्हणतात ते?" त्याला खरंच कळलं नाही. तो शहाणा होता.

शनिवारी सकाळी मी आणि ऋचा खाली लॉबीत शाळेच्या बसची वाट बघत होतो. व्हेरेना लगूनवरून फिरून आली. म्हणाली, आज आजींच्या उपासाचा शेवटचा दिवस ना, मी मोठा तवा काढलाय, तीन वाजता वाट बघते. मी म्हणाले, "आय होप यू वोन्ट माइंड, बट देअर इज समथिंग यू शुड नो." वाक्य छान जमलं. पुढचीही छान जमली. माझ्या सासूबाई भिडस्त आहेत, त्या स्वतः कधी सांगणार नाहीत. पण आमच्या धर्मात उपासाच्या दिवसांत परक्या धर्माच्या माणसाच्या हातचं चालत नाही. नुसता हात लागलेलाही चालत नाही. रोज वरून खाली आल्या की त्यांना पुन्हा अंघोळ करावी लागते.

अंघोळ त्या करत होत्या. गॅसपाशी उभ्या राहून घामाघूम होऊन यायच्या, म्हणून अंगावर पाणी घ्यायच्या. एवढाच एक खरा धागा घेऊन मी बाकीचं सगळं विणलं. आणि काय विणलं? ज्या बाईनं एका रात्रीत शिळ्याताज्याचा निवाडा केला, एका तव्यात रेघ मारून जेवली, तिच्या तोंडी मी विटाळ घातला.

व्हेरेनानं स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "आय हेल्ड हर हँड," ती म्हणाली. "एव्हरी डे. ओह, आय ॲम सो अशेम्ड." मग म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी."

लाज तिला वाटली. मला वाटली नाही, निदान तेव्हा नाही. मला हलकं वाटलं. बस आली, मी ऋचाला म्हणाले, "यल्ला, चल लवकर."

त्या दुपारी तीनला सासूबाई वर गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. दार अर्धवट उघडलं, बाईंनी लांबूनच हात जोडले, मान हलवली, दार लावून घेतलं. सोफ्यावर बसून त्या थोडा वेळ पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. "माझं काही चुकलं का गं?"

"तुमचं काय चुकणार, आई? साहेबाची बायको ती. त्यांचे मूड असतात."

"मूड नव्हता तो," त्या म्हणाल्या. "घाबरल्यासारख्या दिसल्या बाई."

दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी आम्ही तिघी लिफ्टमध्ये होतो, मी, ऋचा आणि सासूबाई. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि कुणाकडून तरी परतणारी व्हेरेना आत आली. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या ‘बाई’ म्हणत हात पुढे करून सरकल्या आणि व्हेरेना पटकन मागे झाली. कोपऱ्यात अंग चोरून, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली, त्यांना आपला स्पर्श होऊ नये म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती त्यांचा मान राखत होती. सासूबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला, मग त्यांनी तो खाली घेतला. मी मजल्यांचे आकडे बघत होते.

उर्ससाहेबांनी सुधीरला सांगितलं की तुमच्या आईच्या धर्माबद्दल आम्हाला आदर आहे, आमच्याकडून नकळत झालं. सुधीर घरी येऊन मला म्हणाला, "आई कधीपासून सोवळं पाळायला लागली?" मी म्हणाले, "वय झालं की होतं तसं." तो आईला विचारायला गेला नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही, ते एक बरं आहे आणि तेच वाईट आहे.

त्यानंतर सासूबाईंनी तो विषय काढला नाही. दिवाळी झाली, त्यांनी चकल्या केल्या, ऋचाला वेणी घालायला शिकवली. पुन्हा हो, नको, बरं यांवर आल्या, पण रुसल्यासारख्या नाही. आणि एक गोष्ट मी तेव्हा हेरून ठेवली होती. पुढे कधी लिफ्टमध्ये व्हेरेना भेटली की सासूबाईच आधी पदर आवरून घ्यायच्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात सरकायच्या. ते पाहून मला किती धीर आला! म्हटलं, बघ, असतंच यांच्या मनात. मी काही अगदीच खोटं बोलले नाही. पुढे वर्षानुवर्षं, हवा बदलली आणि तो वास आला, की मी स्वतःला तो पदर दाखवत आले.

डिसेंबरात सासूबाई परत गेल्या. विमानतळावर माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दमतेस गं फार." दोन वर्षांनी उर्स आणि व्हेरेना मायदेशी गेले. जाताना व्हेरेना आमच्या दारापर्यंत आली, आत आली नाही. सासूबाईंची माफी मागितलीय म्हणून कळवा, म्हणाली. मी हो म्हणाले. कोरेगावला दर शुक्रवारी फोन व्हायचा, तो निरोप मी दिला नाही. काय सांगणार होते, कशाची माफी म्हणून? मग दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि माझ्या मनात पहिल्या क्षणी, रडू यायच्याही आधी, जो विचार आला तो असा, की आता हे त्यांना कधीच कळणार नाही. दुःखाच्या आधी सुटका वाटली. हे कुणाला सांगायचं?

तर काल सकाळी ऋचानं बटाटे किसले. सुधीर अजून उठला नव्हता. तिनं तव्यात तूप सोडलं, कीस पसरला, कडेनं आत सारून थापला, गॅस बारीक केला. मी सवयीनं उलथनं उचललं तर म्हणाली, "नो स्टर, ममा." मग आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो. रोश्टी होईपर्यंत हाताला काही कामच नसतं.

मी म्हणाले, "तुला एवढं सगळं आठवतंय?"

"ऑफ कोर्स. आय वॉज देअर एव्हरी डे."

तव्यातून बारीक चर्र येत होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय वॉज देअर इन द लॉबी ऑल्सो."

मला वाटलं, ती एवढंच सांगतेय, की तिला माहीत आहे. तेवढंही पुरेसं होतं. मी उगाचच ओटा पुसायला घेतला.

"आय टोल्ड आजी," ती म्हणाली.

"काय सांगितलंस? कधी?"

"आफ्टर दॅट लिफ्ट थिंग. शी वॉज क्राइंग इन द बाल्कनी. सो आय आस्क्ड हर, आजी, तुला आंटी घाण वाटते का? शी सेड, व्हॉट नॉनसेन्स, कोण म्हणालं? सो आय टोल्ड हर व्हॉट यू सेड."

"मग?"

"आय सेड, मी आंटीला जाऊन खरं सांगू? आय वॉज ऑलरेडी ॲट द डोअर. शी कॉल्ड मी बॅक." ऋचानं तव्याच्या कडेनं उलथनं सरकवून खालचा रंग पाहिला. पुढचं ती मराठीत म्हणाली, अडखळत, पण शब्द तिचे नव्हते. "नको जाऊस. तुझी आई खोटी पडेल. तिला त्यांच्यासमोर रोज जायचंय, मी काय, दोन महिन्यांनी जाणार. त्यांना माझ्याबद्दल वाटतंय ते वाटू दे."

मग म्हणाली, "अँड शी मेड मी प्रॉमिस. शी सेड, आईला कळू देऊ नकोस मला कळलंय ते. ती कशी राहील मग माझ्यासमोर?"

वर ताटली उपडी घालून ऋचानं तवा उलटला. मी ते दोन महिने आठवायला लागले, एकेक दिवस, लिफ्टमधल्या त्या पदराचा, चकल्यांचा, वेणीचा, विमानतळाचा. मला एक तरी दिवस हवा होता, एखादा टोमणा, एखादी तुटक हाक, ताट जरा आपटून ठेवलेलं. एकही सापडला नाही.